पेजेतलं मीठ आणि मल्लप्पाचा पाय

सोलापूर, मिशन दवाखाना

प्रिय रूथ हिस दानिएलचा प्रभूत सलाम.

इथे माझ्यावर घोर अन्याय चालला आहे. पेजेत मीठ घालत नाहीत! त्यावरून रोज प्रभूशी भांडतो.

उद्या पोटावर शस्त्रक्रिया. घाबरू नकोस, डॉक्टरांच्या हातावर प्रभूचा हात आहे. बरा होऊन येतोच. तोवर माझा कोट कुणाला देऊन टाकू नकोस. धाकटीचा खोकला थांबला का?

शेजारच्या खाटेवर पाय सडलेला मल्लप्पा आहे. सकाळी विभूती लावताना म्हणाला, "तुमच्यासाठी बी सिद्धेश्वराला सांगितलंय की! तुमचा येशू रागावंल व्हय?"

म्हटलं, "माझ्यावर रागावण्यातून त्याला सवड कुठे?"

आता तो पट्टी बदलायला गेला आहे. मी डोळे मिटले आणि पोटाआधी त्याच्या पायासाठी प्रार्थना केली.

तुझाच,
दानिएल