समुद्रावरची ओटी

४ मे १९९६, शनिवार. बरकतपुरा

नवी वही, नवं गाव आणि अखेर हाताला एक काम! अभिजीतच्या कॉम्प्युटरच्या नोकरीपायी पुणं सोडून हैदराबादला येऊन दीड महिना झाला. तो सकाळी आठला जातो तो रात्री नऊला उगवतो, आणि मी बाल्कनीतून समोरची शीतपेयाची नवीकोरी जाहिरात बघत राहते. ऋचाचं तर विचारूच नका. तेरा वर्षांची घोडी, मैत्रिणी पुण्यात राहिल्या म्हणून महिनाभर माझ्याशी धड बोललेली नाही. एकुलती एक, त्यामुळे रुसवेफुगवे सगळे माझ्याच वाट्याला.

काल लक्ष्मणराव आले. जामबागेतल्या एका शाळेत तीस वर्षं पोरांकडून जोर काढून घेऊन निवृत्त झालेले, चार पिढ्यांचे हैदराबादी. दर उन्हाळ्यात इथल्या मराठी मुलांना ते डोंगरावर नेतात. यंदा प्रथमच समुद्र. टीव्हीवर नवनवीन चॅनेल आल्यापासून पालकांना तसलंच ‘अ‍ॅडव्हेंचर’ हवंय म्हणे. मुलींसोबत एक बाई हवी होती. ऋचाला आणणार असाल तर येते, असं मी सांगून टाकलं. "नक्को फिकर करू, मेधाबाई, पोट्टे हुशार हायत," म्हणाले. त्यांचं मराठी ऐकतच राहावं असं आहे.

आज बेगम बाजारातून तांदळाचं पोतं, दोर, ताडपत्री घेतली. ऋचा बरोबर आली, आणि परतताना रिक्षात चक्क माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. एवढ्यासाठी मी समुद्रच काय, चंद्रावरही गेले असते.

८ मे, बुधवार. समुद्रकाठ

रात्रभर रेल्वे, मग बापटल्याहून ट्रकमध्ये सामानावर बसून इथे. सरूच्या बनात सात तंबू, एकवीस मुलं. अर्धी मुलं मराठी बोलता बोलता मध्येच ‘हौ’ आणि ‘नक्को’ करतात, माझ्या ‘नाही का’ला हसतात. सकाळी दोराची शिडी, मग फुगवलेल्या ट्यूब घेऊन पाण्यात. ऋचाला पोहता येत नाही, म्हणून कमरेच्या वर पाण्यात जायचं नाही, असं मी बजावलंय. पाणी आणि मासळी नागम्मा नावाची कोळीण आणून देते. तिला मराठी कळत नाही, मला तेलुगू नाही. लक्ष्मणराव मधले दुभाषे.

तंबूंपासून शंभर पावलांवर एक दगडी बाई आहे. कमरेएवढी उंच, मांडी घातलेली, तोंड समुद्राकडे. मांडीत खोलगट जागा आहे, तिच्यात फुलाची पाकळीसुद्धा नाही. गावच्या बायका हळद वाहतात तीही चार हात लांब, वाळूवर. उघड्यावर बसलेली, कपाळाला शेंदूर, आणि ओटी रिकामी. मला काही ते बघवेना.

१० मे, शुक्रवार

आज माझा जीव शांत झाला. शुक्रवारच होता. ट्रंकेतला हिरवा खण काढला, पोत्यातले पसाभर तांदूळ, नारळ, हळदकुंकू. एकटीच गेले आणि दगडी बाईची रीतसर ओटी भरली. हात जोडून म्हटलं, माझी ऋचा तुझ्या ओटीत घालते, समुद्रात सांभाळ हो तिला. मग आपल्या रिवाजाप्रमाणे तिच्या ओटीतले पाच दाणे परत घेतले आणि घरी करतो तसे तांदळाच्या पोत्यात मिसळून टाकले, बरकतीला. दुपारी त्याच तांदळाचा भात केला. पहिलं वाढप ऋचाला. तिनं तीनदा मागून घेतला.

११ मे, शनिवार

ऋचा पोहली! छातीभर पाण्यात गेली, मी ओरडत धावले, तर ही माशासारखी आडवी होऊन शंभर हात लांब. लक्ष्मणरावांनी शिट्टी फुंकून फुंकून तोंड लाल केलं. परत आली तेव्हा हसत होती. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, त्या मावशीनं हात धरला होता. पाण्यात दुसरं कुणीही नव्हतं. मी सगळा वेळ बघत होते.

संध्याकाळी नागम्मा पाणी घेऊन आली. दगडी बाईच्या मांडीत तिला खण दिसला आणि तिनं घागर टाकून दिली, स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. वद्दु, वद्दु, नको, नको, हेच. मला राग आला. कुंकू लावणं हा काय गुन्हा आहे? लक्ष्मणरावांनी बराच वेळ तिचं ऐकून घेतलं आणि मला थोडक्यात सांगितलं. या बाईचं मूल समुद्रात गेलं. ती त्याची वाट बघत बसलीय. ओटी रिकामी आहे तोवर बसून राहते. भरली की उठते.

भरली की उठते. पाटावर बसलेली कुठलीही बाई तेच करते, ओटी झाली की पदर सावरते आणि उठते. हे मला आधी का सुचलं नाही, कळत नाही.

१२ मे, रविवार

सकाळी दगड जागेवर नाही.

खळगा आहे, बसल्याजागेचा. ओला. लक्ष्मणरावांनी सगळ्या मुलांना रांगेत उभं करून दम भरला. पण तो दगड चार मोठ्या माणसांना हलला नसता. वाळूत ओढल्याची खूणही नाही. त्यांनाही हे दिसलं, म्हणून तर ते इतके ओरडत होते.

नागम्मा लांबूनच एक शब्द बोलून गेली. लेचिंदि. उठली.

मला एका जागी बसवत नाही. तंबू ते पाणी, पाणी ते तंबू, दिवसभर हेच. ऋचा मात्र मांडी घालून बसलीय, समुद्राकडे तोंड करून. उन्हात. हाक मारली तर वळत नाही.

१३ मे, सोमवार

लक्ष्मणरावांना घेऊन नागम्माच्या घरी गेले. पाया पडले. ती म्हणते, दिलं ते दाणा न् दाणा परत घ्यायचं आणि वाळूत पुरायचं, मग बाई पुन्हा बसेल. खण, नारळ तर दगडी बाई घेऊन गेली. आणि तिनं मला दिलेले पाच दाणे? ते मी परत करायचे. ते घेतले म्हणजे मी व्यवहार पुरा केला, असं नागम्मा म्हणते.

पोतं पालथं केलं. तीस किलो तांदूळ चाळत बसले, एकटी, भर दुपारी. कुंकू लागलेले दाणे होते ते. दोन सापडले. दोनच. बाकीचे —

ऋचानं तीनदा भात घेतला होता.

लक्ष्मणरावांनी शिबिर आटोपतं घेतलं. मुलांना कारण सांगितलं नाही. आज रात्रीचीच गाडी.

१४ मे, मंगळवार. बरकतपुरा

घरी. समुद्र कुठल्या कुठे राहिला, मध्ये एवढा मुलूख आहे. अभिजीत म्हणाला, ऊन लागलंय, झोप. ऑफिसला गेला.

ऋचानं चहा केला. मला कप दिला आणि विचारलं, साखर पुरे का, काकू?

काकू. चेष्टा असेल. मी हसले. ती नाही हसली.

तिच्या केसांना खाऱ्या पाण्याचा वास येतोय. दोनदा न्हाऊ घातलं तरी.

१५ मे, बुधवार

सकाळपासून काकूच म्हणतेय. लहानपणचा अल्बम दाखवला, बारशाचा फोटो दाखवला. तिनं नीट पाहिलं, अगदी परक्याच्या घरी पाहतात तसं. छान आहे तुमची मुलगी, म्हणाली.

रडले. तिनं माझे डोळे पुसले. बोटं थंडगार.

ते दोन दाणे रुमालात बांधून जवळ ठेवलेत. दोन दाण्यांनी काय —

१५ मे, दुपारी

अभिजीतला फोन लागत नाही. लक्ष्मणरावांना लागला. येतो म्हणाले. रिक्षानं वीस मिनिटं.

ऋचानं पाट मांडलाय. हॉलमध्ये. शेजारी माझी कुंकवाची कोयरी. कुणासाठी, विचारलं. तिनं फ्रॉक नीट केला, वेणी घातली. प्रवासाला निघताना करतात तसं.

दार मी आतून लावलंय. दोन्ही कड्या, वरच्या कडीला कुलूप. किल्ली माझ्या मुठीत —

जिन्यात कुणीतरी चढतंय. लक्ष्मणराव नाहीत, ते भरभर चढतात. हे जड. एक पायरी, थांबून, दुसरी. दगड ठेवावा तसं.

रुमाल सोडला. दाणे पुढे करीन. पाया पडेन. दुसरं काही माग म्हणेन, हे नको, हे एकच —

बेल नाही. बाहेरून कडी वाजतेय. हळू. सवाष्ण वाजवते तशी, बांगड्यांसकट.

ऋचा उठली. किती दिवसांनी चेहऱ्यावर हसू — तिनं हाक मारली. आई!

मी ओ दिली. मी इथं आहे गं, तुझ्या मागे. ती वळलीच नाही. दाराकडे बघून पुन्हा, आई, आले हं —

किल्ली माझ्या मुठीत आहे. तरी वरची कडी आपोआप