हुजूरांची साखर

तेर, गुरुवार, दिवेलागण

आज निजाम हुजूरांचा वाढदिवस. हैदराबादेहून हुकूम आलेला, की गावोगाव साखर वाटा आणि इंग्रजांच्या बाजूनं चाललेल्या लढाईत फत्ते व्हावी म्हणून दुआ करा. पाटील आजारी, म्हणून परात शाळामास्तराच्या, म्हणजे माझ्याच हाती.

दरसाल लोक ही साखर चावडीवरच जिभेवर टाकायचे आणि पुन्हा हात पुढं करायचे. नुसती रेटारेटी. आज घेतली सगळ्यांनी, पण मुठी मिटल्या त्या मिटल्याच. बाजारात साखर दिसत नाही अशा दिवसांत!

गिरिजाबाईंचा लेक हुजूरांच्या फौजेत. लढाईवर गेल्यापासून खुशाली नाही. वर साऱ्या गावासारखी त्यांच्याही घरची ज्वारी लढाईच्याच नावानं सरकारनं उचलून नेलेली. मूठ माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "मास्तर, ही माझ्या लेकाच्या तोंडात घाला की. मंग म्या लई दुआ करते."

शेवटी दुआ मी एकट्यानंच म्हटली. हुजूरांना हे कुणी सांगत असेल का? मला तर त्या मिटलेल्या मुठीच दिसताहेत.

घरी आलो तर माझी साखरही उपरण्याच्या गाठीत तशीच. हिला म्हटलं, चहात घाल.

"गिरिजाबाईंनी न्हाय खाल्ली ना? मग आपल्याला कशी गोड लागंल?"

तिनं ती उंबऱ्याबाहेर नेऊन मुंग्यांना घातली. बिनसाखरेचा चहा घेऊन दारात बसलोय. मुंग्या आल्या आहेत. हुजूरांची साखर खायला साऱ्या गावात आज तेवढीच रांग.