फक्कीच्या रेघांचं घर

सोलापूर, शुक्रवार

आदरणीय चांगुणाआत्यास,
बुद्धप्रियाचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा कसा हाय? माड्याला थंडी लई पडती म्हनं, गरम पट्टा बांदत जावा. हितं आमी समदी बरी हाय, फक्त घरातलं कोन कुनाशी बोलत न्हाय. (भांडन झालेलं न्हाय. घर बांदतोय.)

फोन सोडून पत्र कशाला, असं तुमी म्हनाल. तर आपल्या घरात फोन स्पीकरवरच असतोय, आन चार मानसं ऐकत असली की माझा आवाज घशातच बसतोय. नववीत बाईंनी धडा वाचायला उभं केलं तवा बी तसंच झालतं. मी उभीच ऱ्हायले, तास संपला. शाळा सोडली त्याला ते बी एक कारन हाय (घरात गनिताचं सांगितलंय). पप्पांच्या कंपनीतले नवनाथदादा उद्या ड्यूटी सुटली की चिंचोळीवरनं थेट माड्याला जानार हायत, त्यांच्याकडं पत्र देते.

तर हद्दवाढीतल्या आपल्या प्लॉटवर शेवटी काम निघालं. वीस बाय तीसचा प्लॉट. इंजिनेरनं कागद काडून दिला, पन पप्पा म्हनले कागदावर घर कळत न्हाय. म्हनून त्यांनी पांढऱ्या फक्कीची दोन पोती आनली आन आख्खं घर जिमिनीवर काडलं, कबड्डीचं मैदान काडत्यात तसं. हॉल, किचन, मोरी, एक बेडरूम, अनीशच्या बाईकला जागा, आन कोपऱ्यात सा बाय पाचचं स्टोअर. कागदावर स्टोअरच लिवलंय. त्यात ज्वारीची पोती आन माझी शिलाई मशीन बसनार. (सध्या मशीन मोरीला चिकटून हाय. अनीश अंगूळ करतो तवा शिवायला आलेल्या शाळेच्या चड्ड्या माझ्या हातात शिवायच्या आदीच धुवून निघत्यात.)

रोज संध्याकाळी आमी समदी ह्या घरात जातो. रेघ वलांडून गेलं की पप्पा वरडत्यात, "भिंतीतनं कुटं चाललीस? दारातनं ये की!" आई किचनमदी मांडी घालून बसती आन रिकामे हात थापून भाकरी करून बघती, कोपर भिंतीला लागतंय का ते. परवा शिवयोगी मिस्त्री म्हनला, वास्तूनं किचन आग्नेयला पायजे. पप्पा म्हनले, आमी असलं मानत न्हाय, मुद्दाम वायव्येला घे. मिस्त्री म्हनला, "साहेब, उलटं करायला बी दिशा बघावीच लागती की." पप्पा दोन दिस त्याच्याशी बोलले न्हाईत.

आता खरं सांगते. शेजारचा प्लॉट येडूमामांचा, मोकळाच हाय, तितं त्यांच्या शेळ्या असत्यात. त्या पायांनी रेघा पुसत्यात, ऱ्हायलेल्या वारं पुसतंय. म्हनून रोज सकाळी परत फक्की मारायचं काम माझ्याकडं, कारन मी घरी असते. पैल्या दिवशी स्टोअरची रेघ चार बोटं सरकली. आत्या, हात थरथरला, दुसरं काय न्हाय. दुसऱ्या दिवशी हात वीतभर थरथरला. हॉल बारका झाला तर पप्पा वळकतील, म्हनून मी भाईरची रेघ बी तेवडीच भाईर नेली. पाप वाटलं, पन मशीनमागं स्टूल ठिवून बसून बघितलं तर गुडगे मावले, मग पाप कमी वाटलं.

पन एक दिस मी गेले तर किचन लांबलेलं. मी हात लावला नव्हता. घरी येऊन बघते तर आईच्या चपला पांढऱ्याफेक. मग बाईकची जागा जीपयेवडी झाली. अनीश म्हनतो, "वारं लई हाय की." वाऱ्यानं रेघ पुसती, हे वारं रेघ काडतंय!

काल मिस्त्रीनं पायाचे खड्डे मारायच्या आदी टेप लावला. घर छत्तीस फूट भरलं. प्लॉट तीस फुटाचा. मिस्त्रीनं टेप परत लावला, मग टेपच तपासून बघितला. तेवड्यात येडूमामा आले. त्यांच्या प्लॉटच्या नावाच्या पाटीची खुंटी आमच्या मोरीच्या मदोमद. पप्पांना म्हनले, "ईश्वरा, माझी शेळी तुझ्या मोरीत गेली, का तुझी मोरी माझ्या शेळीकडं आली?" पप्पांनी आमच्याकडं बघितलं. आमी समद्यांनी शेळीकडं बघितलं.

मिस्त्री पप्पांना म्हनला, "बिडरी साहेब, कागद बघून खांदू का रेघ बघून, तेवडं सांगा." पप्पा लाल झाले. म्हनले, रविवारी सकाळी मी सोता दोरी धरनार. ज्याला जे पायजे त्यानं तितं उभं ऱ्हाऊन समद्यांपुढं तोंडानं मागायचं. जो बोलनार न्हाय त्याची जागा कापनार. सोमवारी खड्डे.

असं समदं चाललंय. मागायचं काय न्हाय, खुशाली कळावी म्हनून लिवलं. काकांना जयभीम सांगा.

तुमची,
बुद्धप्रिया

ता. क. आत्या, रविवारी सकाळच्या यष्टीनं याच. पप्पा तुमच्यापुढं आवाज चडवत न्हाईत. नुसतं म्हना, पोरीला मशीनपुरती खोली काडा. मी आरशापुडं म्हनून बघितलं, तितं बी बोलवंना.

ता. क. २. मी लिवतेय हे बघून आई म्हनली, माजं बी लिव, ताईंना म्हनावं किचन कापू देऊ नका, मी बोलले तर भांडन दिसतंय. अनीश बी येऊन बाईकचं सांगून गेला. तुमाला रविवारी लई बोलावं लागनार हाय. पन मी आदी लिवलंय, एवडं ध्यानात ठिवा.

ता. क. ३. आत्ताच पप्पा ड्यूटीवरनं आले. पत्र कुनाला म्हनले. मी पाकीट मांडीखाली सारलं. वाचायला मागितलं न्हाय. डबा ठिवत ठिवत म्हनले, "ताईला लिव, रविवारी ये. आन आल्यावर तूच म्हन म्हनावं, स्टोअर आट बाय सात पायजे आन त्याला एक मोटी खिडकी पायजे. मी म्हनलो तर तुजी आई आन अनीश मला बी वाडवून दे म्हनत्याल." आन हातपाय धुवायला गेले.

आत्या, ज्वारीच्या पोत्याला काय खिडकीतनं बगायचं असतंय व्हय? मी काय इच्यारलं न्हाय. तुमी बी खोली म्हनू नका, स्टोअरच म्हना. फक्त दाराला कडी आतल्या अंगानं पायजे, तेवडं मिस्त्रीला बाजूला घेऊन सांगा.