सहा सुती नट

१८ एप्रिल १९९३, रविवार. सकाळ

गिरणी बंद पडली. पुढच्या खोलीतली, अलकाची, मिरची-मसाल्याची. तीही ऐन सीझनमध्ये. निम्म्या अंबरपेठेचं तिखट आमच्याकडे दळलं जातं. पुढे आवकायाचे, इथल्या कैरीच्या लोणच्याचे दिवस, म्हणजे मोहरी घेऊन बायकांची रांग लागणार. आतलं चक्र शाफ्टवर धरून ठेवणारा मोठा नट झिजलाय, म्हणून खडखडतंय. बस, एवढंच.

अलका म्हणाली, मी बघते. मी म्हटलं, राहू दे. मशीन टूल्सच्या कारखान्यात बावीस वर्षं काढलेला माणूस घरात असताना तू कशाला? (अकाउंट्समध्ये काढली हे खरं. पण कँटीनला जायचा रस्ता मशीन शॉपमधूनच आहे. कानावर, डोळ्यांवर संस्कार होतातच.)

दुपारी जेवणाआधी चालू करतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ

नट काढायला घेतला तर हलेना. सगळं अंग लावलं. शेवटी चिडून म्हटलं, आधी घट्ट तर करून बघू. घट्ट करायला गेलो आणि सुटून हातात आला! इतका झिजला होता बिचारा.

मोजला. लेकीच्या, मानसीच्या कंपासपेटीतली पट्टी लावून. सहा सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; हे मला माहीत होतं. उद्या आणतो.

२० एप्रिल, मंगळवार

काल जमलं नाही. ऑफिसात गडबड. स्वेच्छानिवृत्तीचं सर्क्युलर लागलंय. अर्जाची शेवटची तारीख १५ मे.

देश खुला होतोय. परदेशी कंपन्या दारात येऊन उभ्या आहेत आणि मी व्हाउचरांवर टिकमार्क करतोय. शिवाय जूनपासून आमच्या सेक्शनला कॉम्प्युटर येणार. मला त्याची भीती अजिबात नाही. पण मराठी माणसानं धंद्यात उतरलं पाहिजे असं मी नेहमीच म्हणत आलोय.

रात्री अलकाला सांगितलं. नोकरी सोडतो, गिरणीची इंडस्ट्री करू. अरविंद स्पायसेस इंटरनॅशनल. तिने आधी कणीक मळून घेतली. मग म्हणाली, चालेल, पण एक अट. ही गिरणी कुणाची मदत न घेता स्वतः चालू करून दाखवा, आणि खुशाल अर्ज भरा. पंधरा मेपर्यंत नाही झाली, तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही.

मला हसूच आलं. एक नट! हात पुढे केला. तिने कणकेच्या हातानेच मिळवला.

२४ एप्रिल, शनिवार

अर्धा दिवस. थेट अफझलगंज. नट-बोल्टचं मोठं दुकान. मालकाने नट हातात घेतला, आत बोट फिरवलं आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "ये तो उल्टी चूडी का है मियां. नई मिलता."

चूडी! माझ्या तोंडावर! मी पुण्याचा आहे म्हटलं, हातात बांगड्या भरलेल्या नाहीत, आणि भरायच्याच झाल्या तर सुलट्या भरीन. हे सगळं हिंदीत सांगितल्यामुळे म्हणावं तितकं लागलं नसावं. तो नोकराकडे बघून म्हणाला, "साब को पानी पिलाओ."

तावातावाने नट हिसकावला तो निसटून त्याच्याच घमेल्यात पडला. घमेल्यात शेकडो नट, सगळे तेलकट, सगळे सहा सुती. मी शोधला. त्यानेही शोधला. शेवटी एक काढून "येईच होंगा" म्हणाला. माझाच वाटतोय. जरा नवा दिसतो. तेलामुळे असेल.

२५ एप्रिल, रविवार

माझाच नट माझ्याच शाफ्टवर चढत नाही. पहिल्या आट्यालाच अडतो.

विचार केला. लोखंड उन्हाने फुगतं. हैदराबादचा एप्रिल. शाफ्टवर ओलं फडकं गुंडाळून ठेवलं. संध्याकाळी पुन्हा लावला. नाही. अलका दारात उभी राहून बघत होती. तिला विचारलं, हा मूळचा इंची असेल की मिलिमीटरचा? म्हणाली, "मी कशी सांगू? अट ठरलीय ना आपली." तिला यातलं काय कळणार म्हणा. मी सहज विचारलं.

रात्री झोप नाही. डोळे मिटले की घमेलं दिसतं.

२८ एप्रिल, बुधवार

आता शास्त्रीय पद्धतीने. ऑफिसातून लवकर निघून अफझलगंजच्या लायब्ररीत गेलो. आट्यांवर जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. इंची आटे, मेट्रिक आटे, बारीक आटे, जाड आटे. डोकं एकदम साफ झालं. दोष माझा नाहीच. इंग्रज गेले आणि इंच ठेवून गेले. 'लेफ्ट हँड थ्रेड्स' असंही एक प्रकरण होतं. मी उजवा असल्यामुळे ते सोडून दिलं.

निर्णय: शाफ्ट जुना, म्हणजे इंची आणि बारीक आट्यांचा. शंकाच नाही.

१ मे, शनिवार

कामगार दिनाची सुट्टी. स्कूटर काढून पार रानीगंज गाठलं. इंची बारीक, इंची जाड, मेट्रिक बारीक, मेट्रिक जाड, सगळे घेतले. एका दुकानात समजावून सांगितलं की "मेरे आटे बराबर नहीं बैठते." त्याने फार सहानुभूतीने ऐकलं आणि पलीकडच्या गल्लीतल्या पिठाच्या दुकानात जायला सांगितलं. आट्याला या लोकांच्या भाषेत काय म्हणतात कोण जाणे. धंदा कसा करतात, आश्चर्य आहे.

रात्री: एकही चढला नाही.

५ मे, बुधवार

दोन्ही पँटींचे खिसे फाटले. चालताना वाजतो म्हणून ऑफिसात भगवंतराव मला घुंगूर म्हणतात. भगवंतराव म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे. स्वतः अर्ज भरणार नाहीत, पण कोण भरणार यावर नजर.

घरातले नट लावून बघितले. पंख्याचा लहान. स्कूटरचा लहान. पलंगाचा थेट सहा सुती निघाला! तोही चढला नाही, आणि परत बसवताना हरवला. आता माझ्या बाजूला पलंग खचतो. अलका पलंगाच्या पायाखाली वीट ठेवून गेली.

तिचं मला कळतच नाही. गिरणी बंद, सीझन चाललाय, आणि ही रोज दुपारी दोन गल्ल्या पलीकडे पद्मावतीबाईंच्या गिरणीवर गप्पा मारायला जाते. येते ती नखशिखांत तिखटाने माखलेली. एवढ्या कसल्या गप्पा? मी इथे जीव काढतोय.

९ मे, रविवार

आज सोक्षमोक्ष. लोखंडाला शेवटी मार कळतो. नट शाफ्टवर धरायचा आणि वरून हातोड्याचे चार दणके द्यायचे, आटे आपोआप जुळतील. अलकाला तसं सांगून चहा घ्यायला बसलो. चहा झाल्यावर हातोडा गायब. माळा, कोळशाची खोली, न्हाणीघर, सगळं पालथं घातलं. अलकाही माझ्याबरोबर शोधत होती, पण नेमकी जिथे मी आधी शोधलंय तिथेच. या घरात वस्तू जागेवर राहत नाहीत.

वरवंट्याचा विचार केला. तोही सापडला नाही.

१२ मे, बुधवार

एका जागी बसवत नाही. ऑफिसात खुर्चीवरून दहादा उठलो. कॉरिडॉरमधून खिडकीपर्यंत जायचं, परत यायचं. साहेबांनी विचारलं, बरं नाही का? भगवंतरावांनी विचारलं, भरला का अर्ज? मी म्हटलं, मशिनरीचं एक लहानसं काम बाकी आहे.

ते पुढे म्हणाले, नव्या कॉम्प्युटरवर एक मुलगी येणार आहे, तुमचं महिन्याचं काम ती सकाळच्या चहाआधी संपवेल. सगळे हसले. मीही हसलो. मग खिडकीशी जाऊन उभा राहिलो. बावीस वर्षांत माझी एक बेरीज चुकलेली नाही. हे तिथे कुणाला सांगावं असं वाटलं, पण कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं.

नट मिळायलाच हवा.

१५ मे, शनिवार. सकाळ

आजचा दिवस. अर्ज भरून खिशात ठेवलाय, फक्त सही बाकी. पहाटे उठून सगळे नट पुन्हा एकेक करून लावून बघितले. सव्वीस नट. पहाटे थंड असताना आकसतील असा हिशेब होता.

नाही.

त्याच दिवशी, दुपार

ऑफिसात एस्टॅब्लिशमेंटच्या खिडकीपाशी गेलो होतो. अर्ज तसाही देता आला असता. अलकाला कुठे कळणार होतं? पण शब्द म्हणजे शब्द. आम्ही साने लोक दिला शब्द मोडत नाही. रांगेत उभा राहिलो, नंबर जवळ आला की मागच्याला पुढे जाऊ द्यायचं, असं चारदा केलं. एक वाजता खिडकी बंद झाली.

खिडकी बंद झाली तेव्हा छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं मोकळं वाटलं. उन्हामुळे असेल.

१६ मे, रविवार

दुपारी झोपलो होतो. किती दिवसांनी लागलेली झोप. घरघर ऐकून जागा झालो.

पुढच्या खोलीत गेलो तर गिरणी चालू. खडखड नाही, काही नाही. मोहरीचा झणझणीत वास, दारात डबे घेतलेल्या बायकांची रांग, पद्मावतीबाई मापाला, आणि अलका गिरणीपाशी, तोंडाला पदर बांधून. मी विचारलं, नट कुठे मिळाला? तिने पदराआडून सांगितलं, मिळायचाय कशाला, मसाल्याच्या फडताळात दोन जादाचे असतातच. मग कसा चढवला? म्हणाली, "उलटा फिरवून. उलटे आटे आहेत हो त्याचे. अकरा वर्षं मीच बसवायलेय की."

मी म्हटलं, उलटे आटे कुणी सांगितलंच नाही मला. तिने विचारलं, अफझलगंजवाल्यानेही नाही? मी 'चूडी'चं सांगितलं. तिने गिरणी बंद केली, पदर सोडला आणि खाली बसून हसली. चूडी म्हणजे आटे, म्हणाली. बायकांना तेलुगूत सांगितलं. मग त्याही बसल्या.

त्या गेल्यावर मी चिडून विचारलं, महिनाभर माझी धावपळ बघत होतीस, अर्धा सीझन पद्मावतीबाईंच्या गिरणीला दिलास, आणि एका शब्दाने बोलली नाहीस? ती मोहरीचे हात पुसत होती. म्हणाली, "बोलले असते तर गिरणी चालू झाली असती. मग तुम्ही अर्ज भरला असता." सीझन पुढच्या वर्षी येईल, नोकरी येणार नाही, असंही म्हणाली. आणि फडकं बाजूला ठेवून, "रात्री झोपेत तुम्ही बेरजा करता. माहिताय तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. तसं पाहिलं तर अर्ज मी देणारच नव्हतो, सही मुद्दामच बाकी ठेवली होती, हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

ती हात धुवायला मोरीत गेली तेव्हा पाना दिसला. म्हटलं, बाईमाणसाचा हात, सैल राहिला असेल, आपण जरा आवळून द्यावा. चांगला जोर लावून उजवीकडे फिरवला. दोन फेऱ्यांत नट सुटला आणि घरंगळत मोहरीच्या डब्यात गेला.

अलका आली, बघितलं, डब्यात हात घालून नट काढला, पुसला, चढवला. रागावली नाही. पाना माझ्या हातातून घेताना तिने विचारलं, उद्या ऑफिसच्या डब्यात काय देऊ?

बटाट्याची भाजी म्हणालो.