पुण्याच्या समिधाताईंचे बोंबील

१ जानेवारी. सकाळी ६.
नवीन वर्ष, नवीन डायरी, नवीन धंदा. नोकरी सोडली. कुणी काही म्हणो, मला मोकळं वाटतंय.

भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या पाली गावात कॅजिटन अंकलचं जुनं घर भाड्याने घेतलंय. दोन खोल्या, पुढे पडवी. तिथे होमस्टे सुरू करतोय. नाव 'सागरनिकेत'. माझं नाव निकेत आहे म्हणून नव्हे, सहज सुचलं.

संकल्प: धंदा शंभर टक्के सचोटीने करायचा. रोज सहाला उठायचं. आणि परेशपुढे मान खाली घालायची नाही.

परेश म्हणजे रुचिताचा भाऊ. भाईंदर पूर्वेला त्याचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना आहे. काल थर्टी फर्स्टच्या पार्टीत सगळ्यांसमोर म्हणाला, ३१ मेपर्यंत तुमचं होमस्टे चाललं तर उत्तम, नाहीतर १ जूनपासून माझ्याकडे डिस्पॅचला या, वाट्या-पेले खोक्यात भरायला. वाटलं, बायको माझी बाजू घेईल. तिने भावाला टाळी दिली.

२ जानेवारी. सकाळी ९.४०.
उठायला उशीर. थंडी फार होती. भाईंदरला थंडी पडत नाही असं रुचिताचं म्हणणं. तिला अंथरुणातली थंडी कळत नाही, कारण ती सहाला उठते.

११ जानेवारी.
वेबसाइटसाठी फोटो काढले. घरातून समुद्र दिसत नाही, पण पाण्याच्या टाकीवर चढलं की झकास दिसतो. तिथून काढला. खाली लिहिलं, 'सी व्ह्यू'. यात खोटं काय? समुद्र आहे, दिसतो. कुठून दिसतो हे कुणी विचारलेलं नाही.

पडवीत पाटी लावली: 'प्रामाणिकपणा हीच आमची ओळख'. खिळा ठोकताना भिंतीचा मोठा पोपडा पडला. पाटीमागे बरोबर झाकला गेला.

२६ जानेवारी. संध्याकाळ.
पहिले पाहुणे! मीरा रोडच्या हिनाबेन, त्यांचे मिस्टर आणि सासरे. आल्या आल्या समुद्र कुठाय विचारलं. मी टाकीकडे बोट दाखवलं. सासरे शिडीने चढले आणि उतरेनात. म्हणाले, बहु सरस. त्यांचा चहा वर पोचवला. ही खरी ग्राहकसेवा.

मग वासाचं निघालं. शेजारच्या वाडीत व्हेरा आंटी, म्हणजे कॅजिटन अंकलची मिसेस, बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालतात. हिनाबेनना सांगितलं, हा समुद्राचा नैसर्गिक वास. त्या म्हणाल्या, समुंदर उस तरफ है, और बास इस तरफ से आ रहा है. बाई हुशार. चारला सामान आवरून गेली. सासऱ्यांना टाकीवरून उतरवायला मात्र वेळ लागला.

आईला फोन केला. तिने भाईंदरच्या बाजारात चाळीस वर्षं मासे विकलेत. म्हणाली, "बोंबलाच्या वासाला नाक मुरडनाऱ्याला पालीला बोलावलास कशाला?" आईला मार्केटिंग समजत नाही.

९ फेब्रुवारी.
वाईट बातमी. कॅजिटन अंकलच्या पुतण्याने, ट्रेव्हरने, चार घरं सोडून स्वतःचं होमस्टे काढलंय. त्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो. बसल्या बसल्या. हा सरळ सरळ शो-ऑफ आहे.

आज उद्घाटनाचं जेवण होतं, गावातल्या लोकांना आणि मला बोलावणं. निव्वळ अभ्यास म्हणून गेलो. सगळं चांगलं होतं, वाईट वाटलं. पण भाजलेले सुके बोंबील आले आणि जीव भांड्यात पडला. पुरते वाळलेले नव्हते! जबड्याशी ओल. दोन-तीन उघडून बघितले, सगळे तसेच. मी मासेवाल्या चंद्रावतीचा मुलगा, मला बोंबील फसवू शकत नाही. कुणाला बोललो नाही. संपवले मात्र, अन्नाचा अपमान नको.

२३ फेब्रुवारी.
ट्रेव्हरकडे शनिवार-रविवार फुल. माझ्याकडे शांतता. शांतता हासुद्धा एक यूएसपी आहे, पण तो घ्यायला कुणी येत नाही.

संकल्प: आक्रमक मार्केटिंग. सचोटी न सोडता.

२४ फेब्रुवारी. दुपारी.
तासभर विचार केला. स्पर्धकाला एक वाईट रिव्ह्यू टाकणं ही धंद्यातली साधी रीत आहे, सगळे करतात. पण मी सगळ्यांसारखा नाही. खोटं लिहिणार नाही म्हणजे नाही. बेड मोडका, चादर मळकी, असलं काही नाही. जे खरं तेवढंच. खरं एकच होतं, बोंबील.

लिहिलं: 'जागा बरी. पण सुके बोंबील कच्चे वाळवलेले. जबड्याशी ओल होती. ऊन पुरतं लागायच्या आत काढले असावेत. घाई करणाऱ्याने या धंद्यात पडू नये.' दोन स्टार. नाव दिलं समिधा, पुणे. पुण्याच्या माणसाने तक्रार केली की लोकांना ती अभ्यासू वाटते.

नाव तेवढं खोटं, मजकूर शंभर टक्के खरा. मन हलकं झालं. वामकुक्षी.

२ मार्च.
ट्रेव्हरने रिव्ह्यूखाली उत्तर दिलंय. समिधाताई, चूक झाली, पुढच्या वेळी नीट वाळवू, परत या. बिच्चारा. जरा वाईट वाटलं. पण धंदा म्हणजे धंदा.

आज व्हेरा आंटींनी नेहमीसारखा चहा दिला. गप्प होत्या. पाठ दुखत असेल, वलांड्यांवर दिवसभर हात वर करून उभं राहायचं म्हणजे खेळ नाही.

१६ मार्च.
अजब प्रकार. कुणा व्हिडिओवाल्या पोराने ट्रेव्हरच्या दारात उभं राहून समिधाताईंचा रिव्ह्यू मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाला, जिथे पाहुणे बोंबलाचा जबडा उघडून बघतात, तिथलं जेवण किती सीरियस असेल! आता येणारा जो तो सुके बोंबील मागतोय. काल बोरिवलीची एक फॅमिली आली ती थेट जबडा उघडूनच खायला बसली.

व्हेरा आंटींचे बोंबील ट्रेव्हरकडे कमी पडतायत. थोडक्यात, मी त्याचं मार्केटिंग केलं. फुकट. आभार कोण मानणार?

२९ मार्च.
सागरनिकेत हाउसफुल! ट्रेव्हरकडे जागा नव्हती म्हणून त्याने एक ग्रुप माझ्याकडे पाठवला. झोपायला माझ्याकडे, जेवायला त्याच्याकडे.

परेशला फोन करून 'ऑक्युपन्सी' हा शब्द तीनदा वापरला. पाहुणे कुठून आले ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

१३ एप्रिल.
ट्रेव्हरने आणखी पाहुणे पाठवले. वर गवंडीही पाठवला, कारण पाहुण्यांनी पाटी उचलून पोपडा बघितला आणि त्याला सांगितलं. भिंत छान झाली. आता पाटीची गरजच उरली नाही, तरी ठेवलीय.

संध्याकाळी स्वतः येऊन बसला. म्हणाला, ३१ मेला तुमचं भाड्याचं ॲग्रीमेंट संपतंय, मला अंकलचं हे घर लागणार आहे, पण तुम्हाला विचारल्याशिवाय घेणार नाही, पाहिजे तर दोघं मिळून करू. आणि गेला. भजी पण आणली होती.

घास उतरेना. सहा खाल्ली, पण उतरेना.

याला म्हणतात मन खाणं. आता परेशपासून वाचायचं तर ट्रेव्हरचा हात धरायचा, आणि हात धरायचा तर त्या हातावर मीच मारलेली छडी आठवते. त्याला कळलं तर? आणि नाही कळलं तर आयुष्यभर त्याच्यासमोर समिधाताई पोटात घेऊन बसायचं?

रुचिताला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, "आधी जाऊन त्याला सांग. मग धंद्याचं बघू."

२० एप्रिल.
आज जाणार होतो. पण ईस्टर. सणाच्या दिवशी कुणाचा मूड घालवू नये.

२७ एप्रिल.
ऊन फार.

४ मे. दुपारी ४.
गेलो. रुचिताने स्कूटरवर मागे बसवून नेलं आणि दारात सोडलं, म्हणून.

कॅजिटन अंकलकडे सगळे जेवायला बसले होते. मी उभ्यानेच सुरुवात केली. स्पर्धा, बाजारपेठ, छोट्या उद्योजकापुढली नैतिक आव्हानं, अशी प्रस्तावना केली. ट्रेव्हरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी समिधाताईंपर्यंत पोचायच्या आत तो हसत म्हणाला, "दादा, तवा पाव्हण्यांना आमी सुके बोंबील देतच नव्हतो. वासाला घाबरतात ना. ते फक्त उद्घाटनाला गावातल्यांना दिले होते."

म्हणजे पुण्याच्या समिधाताईंनी जे बोंबील खाल्ले, ते पुण्याहून आलेल्या कुणाला मिळालेच नव्हते. पालीच्या माणसांना मिळाले होते आणि मला. पालीचा माणूस पुण्याचं नाव घेऊन का लिहील? अंकल म्हणाले, जबडे उघडून बघताना तुला सगळ्यांनी पाहिलंय. रिव्ह्यू आल्यावर पुढच्याच रविवारी चर्चमधली मास सुटल्यावर ओट्यावर मोठ्याने वाचला, लय हसलो. ट्रेव्हरची बहीण ॲमंडा मला तेव्हापासून समिधाताईच म्हणते, माघारी.

सगळे हसत होते, मीही हसायला लागलो होतो. व्हेरा आंटी हसत नव्हत्या. म्हणाल्या, "बोंबील माझे होते रे. कच्चे होते, खरं हाय. पन रोज माझ्या हातचा चा पितोस. तोंडावर सांगायचं होतंस."

मला ट्रेव्हर दिसला होता, स्पर्धा दिसली होती, आंटी दिसल्याच नाहीत. ज्या बाईच्या ओट्यावर रोज बसतो तिच्या कामाला मी पुण्याहून दगड मारला. ही डायरी कुणी वाचत नाही म्हणून लिहितो: खूप लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं. मी सॉरी म्हटलं, नीट, प्रस्तावना न करता. त्यांनी माझ्या ताटात भात वाढला आणि वर दोन बोंबील ठेवले. म्हणाल्या, बघ उघडून.

कडकडीत वाळलेले होते.

५ मे. सकाळी ९.
शांतपणे विचार करता मी केलं ते एक प्रकारचं क्वालिटी ऑडिट होतं. नाव चुकलं, एवढंच.

१८ मे.
मर्जर झालं! १ जूनपासून सागरनिकेत आणि ट्रेव्हरचं होमस्टे एक. समिधाताईंचा रिव्ह्यू काढू नका, त्यावर गिऱ्हाईक येतं, असं ट्रेव्हरने हात जोडून सांगितलं. मी पाहुण्यांशी बोलायचं नाही, फोटो काढायचे नाहीत आणि काहीही लिहायचं नाही. बाकी व्हेरा आंटींच्या हाताखाली बोंबील वाळवण्याची पूर्ण जबाबदारी माझी. हेड, क्वालिटी.

परेशला फोन करून सांगितलं, डिस्पॅचला दुसरा माणूस बघा. तो म्हणाला, बघू. जळतोय.

३० मे.
आईला बातमी दिली. १ जूनपासून बोंबील माझ्या हातात, म्हटलं. आई हसायला लागली. हसता हसता खाली बसली. मला कळेना.

म्हणाली, "अरे, एक जूनला होड्या किनाऱ्याला लागतात. दोन महिने बंदी. आनि पावसात बोंबील काय तुझ्या टाकीवर वाळवनार हायस?"

कोळ्याच्या पोटी जन्मलो, चाळीस वर्षं दर पावसाळ्यात घरात माशाचा दुष्काळ बघितला, आणि १ जून ही तारीख स्वतः सुचवून आलो. बोंबील सुरू होणार दिवाळीच्या तोंडावर. ट्रेव्हरने तारीख ऐकून फक्त 'चालेल दादा, आरामात या' म्हटलं होतं. फार सभ्य पोरगा आहे. इतका सभ्यपणा बरा नव्हे.

रुचिताने परेशला फोन लावला. मी दुसऱ्या खोलीत गेलो.

२ जून. दुपारी १.३०.
डिस्पॅच. तात्पुरतं. उद्योजकाने पुरवठ्याची बाजू समजून घ्यावी असं माझं पहिल्यापासून मत आहे.

परेशने वाट्यांचे नवे सेट ऑनलाइन विकायला ठेवलेत. जेवायच्या सुट्टीत बोलावून म्हणाला, चार झकास रिव्ह्यू टाकून द्या, वेगवेगळ्या नावांनी, तुमचा हात आहे त्यात. रुचिताने सगळं सांगितलंय वाटतं.

मी एक वाटी घेतली. फिरवून बघितली.

२ जून. संध्याकाळी ७.
एकच रिव्ह्यू टाकला. स्वतःच्या नावाने, आडनावासकट. 'वाटी दिसायला चांगली, वजनाला बरी. काठ हाताला लागतो, घासताना जपा.' तीन स्टार. टाकायच्या आधी परेशच्या केबिनमध्ये जाऊन तोंडावर सांगितलंही. आंटींनी शिकवलेलं एकदा तरी वापरायचं होतं.

परेश म्हणाला, उद्यापासून आला नाहीत तरी चालेल.

म्हणजे डिस्पॅचही गेलं. एका दिवसात. छाती मात्र का कोण जाणे, फुगल्यासारखी वाटतेय.

रुचिता आत भाकऱ्या थापतेय. पहिला दिवस कसा गेला म्हणून दोनदा विचारून झालं. खरं तेच सांगायचं ठरवलंय. जेवण झाल्यावर.