ग्लॅकची विश्रांती

३ जानेवारी

चॅनेलचं निवेदन आलं. 'नववी भरती' बंद झालेली नाही, ती 'काही काळ विश्रांती घेत आहे'. बायकोने, मेरेरिदने, नाश्त्याला मोठ्याने वाचून दाखवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी शांतपणे टोस्टला लोणी लावलं. साठ वर्षं चाललेली अंतराळमालिका कधी दमते का? विश्रांती म्हणजे गुप्त शूटिंग. दुसरा अर्थच निघत नाही.

पण मग मला बोलावणं का नाही? नायक सात बदलले, ग्लॅक तोच राहिला. समुद्रतळातून उठणारा तीन डोळ्यांचा राक्षस, पाहताच पोरं सोफ्यामागे लपतात तो. त्या रबराच्या आत एकोणीस वर्षं मी घाम गाळला आहे. कोणीतरी माझा पत्ता कापतंय. कोण, ते शोधायचं. तोवर तब्येत राखायची. उद्यापासून बिस्किटं बंद.

४ जानेवारी

डबा अर्धा भरलेला होता. अन्न वाया घालवणं बरं नव्हे. उद्यापासून.

११ जानेवारी

बंदराच्या कडेने पळालो. गार वारा, गुडघा कुरकुरला, म्हणून पुढचं चालत. नंतर बसलो. बसल्या बसल्या श्वासाचा व्यायाम केला. ग्लॅकला श्वास फार लागतो.

एजंट डिलिसला फोन. उचलला नाही. पुन्हा केला. उचलला नाही. पंचवीस वर्षांत ही बाई माझ्यासमोर कधी गप्प बसलेली नाही. गुप्ततेच्या करारावर सही केलेली दिसते. म्हणजे बोलणी पुढे गेली आहेत! मेरेरिदला हे सांगितलं तर ती एकदम उठून ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छ होता.

१९ जानेवारी

मार्केटात मासेवाल्यासमोर एमलिन भेटला. ग्लॅकचं कातडं शिवणारा, चिकटवणारा, दर वर्षी ढिलं करणारा तोच. सहज विचारल्यासारखं विचारलं, सध्या काय चाललंय? म्हणाला, काही नाही रे बाबा, नवरीचे झगे शिवतोय. फार पटकन म्हणाला. मग माझ्या पोटाकडे पाहून म्हणाला, तब्येत सुधारलीये हं तुझी.

नवरीचे झगे शिवणाऱ्याला माझ्या पोटाशी काय देणंघेणं? मापं कोणाची तरी घेतोय, माझी नाहीत एवढं नक्की. तेगिद! दुसऱ्या नंबरचा ग्लॅक. तरुण, उंच, सहा वर्षं माझ्या मागे उभा राहून माझ्या शेपटीवर पाय देणारा. देवाशपथ, चुकून देत नव्हता.

एमलिनचे डोळे लाल होते. माशांच्या बर्फामुळे असेल.

२ फेब्रुवारी

मेरेरिद म्हणाली, दाताच्या दवाखान्यात डॉक्टरांना फाइली लावायला माणूस हवाय, अर्धा दिवस, तू येतोस का? ती तिथे रिसेप्शनवर असते. मी म्हटलं, बाई गं, मी ग्रह गिळलेत. ती म्हणाली, हो, आणि इथे दुपारपर्यंत झोपतोस.

हे तिचं नेहमीचं बोलणं नाही. हिला कोणी शिकवून पाठवलंय?

१३ फेब्रुवारी

स्टुडिओवर पाळत. मच्छीमाराचा वेश: टोपी, गमबूट, गळ. गेटासमोर धक्क्यावर बसलो. दोन तासांत चार मोठ्या व्हॅन आत गेल्या. रिकाम्या स्टुडिओत व्हॅन कशाला? मी सरकत सरकत गेटाजवळ गेलो. इतक्यात पहारेकरी वारसामे केबिनमधून ओरडला, काय ग्विलिमभाऊ, मासा लागला का?

वेश बदलूनही ओळखतो म्हणजे त्याला माझा फोटो देऊन ठेवलाय. आत काय चाललंय विचारलं तर म्हणे केकची स्पर्धा. आपल्या चंद्रतळाच्या सेटवर आता ओव्हन लावलेत आणि तिथे देशभरातली माणसं स्पंज केक भाजतात.

मी हसलो. बनाव रचायचा तर जरा बरा रचावा! तेवढ्यात तो आत जाऊन केकचा तुकडा घेऊन आला. तपासणीसाठी खाल्ला. केक खरा होता. दुसरा तुकडा मागितला, तोही खरा. मानलं पाहिजे, गुप्तता राखायला हे लोक कोणत्याही थराला जातात.

वारसामेने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, घरी जा भाऊ, गारठा आहे. मला घालवण्याची घाई बघा.

२१ फेब्रुवारी

ज्यांना मालिकेतलं काही कळत नाही ते म्हणतात प्रेक्षक उरले नाहीत. शेवटचा हंगाम बागकामाच्या कार्यक्रमानंतर लावला, तो कोणी पाहिला नाही. पैसा लावणाऱ्या परदेशी कंपनीने हात काढून घेतला. चाहतेही आपसांत भांडतात, सातवा नायक खरा की पाचवा. अहो, एवढं भांडतात म्हणजे जीव आहे ना!

मेरेरिद हल्ली बागेत जाऊन फोनवर बोलते. फेब्रुवारीत बागेत असतं काय?

५ मार्च

तेगिदचा पाठलाग. सकाळी तो हातात पिशवी घेऊन बस डेपोत शिरताना दिसला. डेपोत शूटिंग! मी बाहेर दबा धरला. बराच वेळ तो बाहेर आला नाही. म्हणून पहिल्या निघालेल्या बसमध्ये चढलो, मान खाली, कॉलर वर. चालक म्हणाला, ग्विलिमकाका, तिकीट.

तेगिद. गणवेशात. स्टिअरिंगवर.

मी हळूच विचारलं, भूमिका कोणती? तो म्हणाला, काका, भूमिका नाही, नोकरी. हिवाळ्यापासून करतोय. मी डोळा मारला. त्याने मारला नाही. उलट त्याचा चेहरा पडला. म्हणाला, म्हणजे मेरेरिदकाकूंनी अजून तुम्हाला... मागून एक म्हातारी ओरडली, काय रे, बस चालवतोस की गप्पा मारतोस?

शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिलो. परतीच्या तिकिटाला त्याने पैसे घेतले नाहीत. शेपटीवर पाय देणारा माणूस फुकट का नेतो?

मेरेरिदकाकूंनी अजून काय?

६ मार्च

मेरेरिद अंघोळीला गेली. फोन टेबलावर. मी असली कामं करणारा माणूस नाही. केलं. तिच्या फोनवरून डिलिसला लावला. एका घंटीत उचलला. मी हॅलो म्हणायच्या आत म्हणाली, बोल गं, सांगितलंस का एकदाचं त्याला?

मी फोन ठेवला.

६ मार्च, संध्याकाळी

खरं निघालं सगळं. सगळे मिळून माझ्यापासून लपवत होते. फक्त मला वाटत होतं ते नव्हतं.

नाताळाआधीच ठरलं होतं. पुढच्या हंगामाचं शूटिंग नाही, कोणाचंच नाही. चॅनेलने प्रत्येकाच्या एजंटला कळवलं. डिलिसची मला सांगायची छाती होईना, तिने मेरेरिदला सांगितलं. ग्लॅकचं रबर फुटत आलं होतं. एमलिनने स्वतःच्या हाताने ते कचऱ्याच्या कंटेनरमध्ये टाकलं. मेरेरिद म्हणाली, नंतर आपल्याच स्वयंपाकघरात बसून तो रडला. मी तेव्हा वर होतो. श्वासाचा व्यायाम करत.

मी ओरडलो. म्हटलं, गावाला माहीत, बसवाल्याला माहीत, पहारेकऱ्याला माहीत, आणि मी गळ घेऊन धक्क्यावर! तुला हसू नाही आलं?

ती म्हणाली, नाही आलं. चिडली होती तीही. म्हणाली, तीनदा वर आले मी सांगायला. तिन्ही वेळा तू आरशासमोर चालून बघत होतास, ग्लॅकसारखा डावा पाय ओढत. काय सांगणार होते मी तुला? कसं सांगणार होते?

मी तोंड उघडलं तर हुंकारच निघाला. एकोणीस वर्षं त्या मुखवट्याआडून मी फक्त घुरघुर करत आलो.

मग ठरवलं की दोघांनी यापुढे काही लपवायचं नाही. तिने बिस्किटं आणली. खाल्ली.

२ एप्रिल

आज मेरेरिदने बातमी स्वतःहून वाचून दाखवली. चॅनेलचे नवे प्रमुख म्हणतात, 'नववी भरती' परत येऊही शकते. कधी, ते सांगता येत नाही. आलीच तर ग्लॅक संगणकावर काढतील. लहान मुलांना आवडावा म्हणून थोडा छोटा, पिवळा आणि गोबरा.

माझ्या मनात अर्थ जमायला लागला. पिवळा हा संकेत असू शकतो. 'येऊही शकते' यातल्या त्या 'ही'मध्ये... मग तिच्याकडे पाहिलं. तिने वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं आणि ती वाट बघत होती. मी म्हटलं, बरं.

ती म्हणाली, आता काय करायचं ठरवलंयस? मी म्हटलं, काहीच नाही. ती म्हणाली, मग भांडी तरी घास.

घासली. एक बशी फुटली. काही लपवायचं नाही असं ठरलंय, म्हणून बाहेर जाऊन सांगितलं, बशी फुटली.

म्हणाली, आवाज आला मला.