गगनमल्ल आणि माझी जाहीर प्रतिज्ञा

५ नोव्हेंबर १९७८, आष्टा

आजपासून रोजनिशी. थोर वक्त्यांची भाषणे छापतात, पण ती सुचली कशी हे कोणी लिहून ठेवत नाही. माझ्यापुरती ही उणीव भरून काढायची.

मोठी बातमी. वाचनालयात आलेल्या सिनेसाप्ताहिकात वाचले की कोल्हापूरचे दिग्दर्शक जिनदास कुंभोजे ‘गगनमल्ल’ नावाचा चित्रपट करत आहेत. एका पैलवानाच्या अंगात अचाट शक्ती येते, तो आभाळात उडतो, एका हाताने एसटी उचलतो. हा समाज हलवायला असाच माणूस पाहिजे, आणि असा चित्रपट काढायला कुंभोजेच पाहिजेत. त्यांचा मागचा चित्रपट इथल्या तंबू टॉकीजमध्ये दोन दिवस चालला. दुसऱ्या दिवशी आत मी एकटाच होतो. फार एकाग्रतेने पाहता आला.

संध्याकाळी कुंभोजे रसिक संघाची स्थापना. अध्यक्ष मी. चिटणीस कृष्णात, शाळेपासूनचा मित्र, सायकलचे दुकान. स्थापनेचे भाषण दीड तास. तेवढ्यात त्याने तीन पंक्चर काढली, पण कान माझ्याकडे होते.

९ नोव्हेंबर

संघाच्या अपेक्षा ठरवल्या. पैलवानाला शक्ती विज्ञानातून मिळावी, देवाच्या वरातून नको. गाणी नकोत. प्रेम तर नकोच, क्रांतिकारकाला वेळ कुठला? पोशाख साधा, लंगोट तुमानीच्या आत. शेवटच्या मुद्द्यावर कृष्णातचा मतभेद. म्हणाला, लंगोट दिसलाच न्हाई तर वरनं उडणारा गडी पैलवान हाय का कोण, हे खालच्याला कळायचं कसं? मी त्याला पोशाखाचा सामाजिक इतिहास समजावून सांगितला. शेवटी व्हय म्हणाला. दुकान बंद करायची वेळ झाली होती.

१६ नोव्हेंबर

धोंडीबाच्या पोरीचे लग्न. दोन शब्द बोलण्याची विनंती झाली (मीच त्यांना सुचवले). विषय घेतला, समाजाला अचाट माणसाची गरज का आहे. भटजी सारखे घड्याळ दाखवू लागले. मुहूर्त हे थोतांड आहे, असे मी ठणकावून सांगितले. टाळ्या पडल्या नाहीत, कारण सगळ्यांच्या हातात अक्षता होत्या.

घरी आल्यावर बायको, हरणाबाई, म्हणाली, आवं, पोरगी अंतरपाटामागं घेरी येऊन पडली की. खऱ्या वक्तृत्वाचा परिणाम शरीरावरही होतो, असे मी वाचले आहे.

२३ नोव्हेंबर

‘गगनमल्ल’साठी पाच गाणी ध्वनिमुद्रित झाल्याची बातमी. कृष्णातने ती फार आनंदाने आणून दिली. मी डगमगलो नाही. कुंभोजे गाणी घेतात ती मागे वाजवायला. नायिकाही आहे म्हणे. ती शास्त्रज्ञ असणार. फोटोत तिच्या कमरेवर घागर आहे. पाणी तपासायला नेत असावी.

१ डिसेंबर

आजचा दिवस गावाच्या इतिहासात जाईल.

तंबू टॉकीजचा मालक मानसिंग ‘गगनमल्ल’ आणायला तयार नव्हता. म्हणाला, कुंभोज्याचं पिच्चर लावलं की तंबूत नुसतं वारं खेळतंय. बाजाराचा दिवस. चौकात माईकवाला धुळा तंबूची जाहिरात करत होता. मी त्याच्या हातून माईक घेतला आणि प्रतिज्ञा केली. ‘गगनमल्ल’ आष्ट्यात लागू द्या. संक्रांत उजाडायच्या आत तंबूवर एकदा जरी हाऊसफुल्लची पाटी लागली नाही, तर हा जालिंदर जन्मात पुन्हा भाषण करणार नाही!

सगळा बाजार माझ्याकडे वळला. मग मागून कोणीतरी म्हणाले, परत सांगा. मी परत सांगितले. दुसऱ्याने विचारले, लग्नात बी न्हाई? नाही. मयतीत? नाही. गणपतीत? तिथेही नाही. आणि मग ज्या टाळ्या पडल्या! फेटे उडाले. आयुष्यात मला अशा टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. धोंडीबाने येऊन माझे पाय धरले.

मानसिंगचा नूर पालटला. म्हणाला, आवं, सारा गाव तुमच्या मागं हाय, आणतो की पिच्चर. पाटी एकदाच तर लागायला हवी. मला त्यात काही अवघड दिसत नाही.

रात्री हरणाबाईने विचारले, भाषण सोडून दुसरं कायबी पणाला लावायला मिळालं न्हाई व्हय? तिला प्रतिज्ञेतले कळत नाही.

१५ डिसेंबर

‘गगनमल्ल’ आला. सांगलीच्या थेटरात आणि आष्ट्याच्या तंबूत एकाच दिवशी! खेळाआधी प्रास्ताविक केले, तासभर. श्रोते, कडेगावहून बैल बघायला आलेले दोघे. गाव बहुधा उद्या येणार. पहिल्या दिवशी धक्काबुक्की नको, असा विचार केला असेल.

चित्रपट थोर आहे. शक्ती शंकराच्या वराने मिळते, पण शंकर इथे प्रतीक आहे. गाणी सहा निघाली. लंगोट बाहेरून आहे, लाल. उडताना दोर दिसतो. कडेगावचे दोघे हसले. मी मध्यंतरात उठून त्यांना सांगितले की दोर मुद्दाम दाखवला आहे. एकटा माणूस उडत नाही, त्याला समाज वर ओढतो. मध्यंतरानंतर ते दिसले नाहीत. विचार करायला बाहेर गेले असावेत.

१९ डिसेंबर

तंबूत अजून वारेच खेळते आहे. गावात फिरून चौकशी केली. लोक इतके अदबीने बोलले की भरून आले. कोणाला थंडी बाधते, कोणाच्या उसाला तोड आली आहे. दूधवाल्या भामाबाईला तंबूत डोळे चुरचुरतात. निघताना मात्र प्रत्येक जण एकच विचारतो, तुमचा शब्द पक्का हाय न्हवं? गावाला शब्दाची एवढी चाड आहे हे मला ठाऊक नव्हते.

२६ डिसेंबर

एसटी स्टँडवर गेलो होतो. सांगलीच्या गाडीला ही रांग! अर्धे आष्टे उभे. भामाबाई होती, धोंडीबाची पोरगी नवऱ्यासकट होती, कृष्णात बायकापोरांसह होता. मला बघून दचकला. म्हणाला, दाताच्या डाक्टरकडं चाललोय. मागच्याला विचारले, तोही दातालाच. गावात दातांची साथ आली आहे, आणि कोणाला काळजी नाही. नगरपालिकेसमोर यावर बोलले पाहिजे.

शेवटच्या गाडीने सगळे परतले ते ‘गगनमल्ल’ची गाणी गुणगुणत. त्या दवाखान्यात रेडिओ असावा.

लहान पोरे चड्डीवर लाल लंगोट बांधून उसाच्या गाड्यांवरून उड्या मारत आहेत. तंबूत पाऊल न टाकता चित्रपट असा समाजात झिरपतो. हे कुंभोज्यांचे यश.

३ जानेवारी १९७९

घात झाला. मानसिंगने आज बायकांना फुकट सोडले, म्हणून गावातली थोडी मंडळी आली. माझ्या सोबतीला कृष्णातही आला. खेळ सुरू व्हायच्या जरा आधी कारखान्यावरचे ऊसतोडकरी येऊन धडकले, गाड्यांमागून गाड्या. तंबू गच्च! मानसिंगने हाऊसफुल्लची पाटी काढून तिच्यावरची धूळ झटकली. मी प्रास्ताविकाला उभा राहिलो.

तेवढ्यात कृष्णातच्या पोटात दुखायला लागले. लागले ते असे की त्याला सोडायला गावातली वीस माणसे उठली. त्यांच्या बायका उठल्या. भामाबाई उशी आणायला गेली. ऊसतोडकऱ्यांनी पाय लांब केले. मानसिंगने तंबूतली मोकळी जागा पाहिली, पाटी पाहिली आणि आत नेऊन ठेवली. प्रामाणिक माणूस.

माझे दुःख बाजूला. एका पोटदुखीला वीस माणसे धावतात, असे गाव कुठे आहे? नंतर कृष्णातला बघायला गेलो. भडंग खात होता. डॉक्टरांनी हलके खायला सांगितले असेल.

१० जानेवारी

आज मनात भीती. पहिल्यांदाच. बोलायचे नाही म्हणजे नेमके काय करायचे, हे मला सुचेना. सात वर्षांचा असताना झेंड्याखाली उभा राहून बोललो, तेव्हापासून काही घडले की मी उभा राहतो. उभे राहून काय करायचे?

हरणाबाईला म्हणालो, तू तरी बायका गोळा करून तंबूत ये. तू म्हणालीस तर येतील. ती भाकरी थापत होती. म्हणाली, आवं, पिच्चर लय चांगलं हाय. आई एसटीत असती आन् ह्यो एसटी उचलतो, तवा मला रडू आलं. मग एकदम तिचा हात थांबला आणि तव्यावरची भाकरी करपली. आक्काताईनं सांगितलं मला, असे पुढे म्हणाली. आक्काताई म्हणजे तिची सांगलीची बहीण. गेल्या आठवड्यात हरणाबाई तिच्याकडे राहून आली.

नुसत्या ऐकीव गोष्टीवर रडणारी बायको. एवढी रसिकता माझ्या सहवासातूनच आली.

१३ जानेवारी, भोगी

मुदतीतला शेवटचा खेळ. आत मी. बाहेर मानसिंगचे कुत्रे.

त्याआधी संध्याकाळी चौकात प्रतिज्ञापूर्तीची सभा घेतली. शब्द म्हणजे शब्द. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी गर्दी! कडेगावहून, मलकापूरहून माणसे आली. झाडांवर पोरे. धुळाने माईकचे भाडे घेतले नाही. मी म्हणालो, जालिंदर हरला, पण कुंभोजे हरलेले नाहीत. म्हणालो, हे माझे शेवटचे भाषण. टाळ्या थांबेनात. मी हात वर केला तरी थांबेनात. पुढचे दोन तास बोललो, एक माणूस हलला नाही. प्रतिज्ञा पूर्ण होते का हे बघायलाच जणू उभे होते. धोंडीबाने हार घातला. धोंडीबा रडत होता. मीही.

रोज अशी माणसे आली असती, तर प्रतिज्ञेची वेळच आली नसती.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळपासून तिळगूळ द्यायला रीघ. एवढी माणसे माझ्या दारात कधी आली नव्हती. प्रत्येकाने वडी हातावर ठेवली आणि म्हणाला, तिळगूळ घ्या. तेवढेच. पुढचे दोन शब्द कोणी बोलेना. भामाबाईच्या तोंडून ‘गोड’ निसटले, पण तिने जीभ चावली.

संध्याकाळी तंबूकडे गाणी ऐकू आली म्हणून गेलो. आष्टे लोटले होते. हाऊसफुल्लची पाटी लागली होती. मानसिंगने मला बघितले, हाताला धरून पडद्यापुढे नेले आणि आनंदाच्या भरात माईक पुढे केला. म्हणाला, जालिंदरराव, दोन शब्द!

मी उभा. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. कृष्णात मात्र खाली बघत होता.

मी माईक परत दिला आणि जाऊन बसलो. एक सुस्कारा ऐकू आला. सगळ्या तंबूचा मिळून एकच.

पहिले गाणे लागले. सगळ्यांनी ते पडद्याच्या आधी म्हटले. दुसरेही. गगनमल्ल उडाला तेव्हा दोर नेमका कुठे दिसतो तिथे सगळ्यांनी एकदम बोट दाखवले.

मला सांगलीचा दाताचा डॉक्टर आठवला.

अर्ध्यातून घरी आलो. हरणाबाई वाट बघत होती. तिने वडी हातावर ठेवली. म्हणाली, तिळगूळ घ्या.

पुढचे म्हणेल म्हणून हात तसाच धरून ठेवला. ती जेवायला वाढायला आत गेली.